आमची साइट बघायला या

आरतीचा फोन आला तेव्हा मी भाजीला फोडणी देत होते. तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत मी "हो" म्हणून टाकलं आणि इकडे फोडणी करपली. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. शहाण्या माणसानं यावरून काही ओळखलं असतं. पण मला एकदा उत्साह चढला की करपल्याचा वास फार उशिरा येतो.

आरती माझी विद्यापीठातली मैत्रीण. ती पुण्यात एका संस्थेत काम करायची आणि मी नगरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, म्हणजे हजेरी आणि परीक्षा यांच्या मध्ये जेवढं उरेल तेवढं शिकवायचे. साल नव्याण्णव. आरतीच्या संस्थेनं एक वेबसाइट तयार केली होती, 'श्रमसोबत' नावाची. कामाच्या जागी माणसाचं मन कसं ताळ्यावर राहील, ताण आला तर काय करावं, कुणाशी बोलावं, असं सगळं तिच्यावर होतं. तेही मराठीत.

"मोठ्या कंपन्यांत डॉक्टर असतो, वेल्फेअर ऑफिसर असतो," आरती फोनवर म्हणाली. "छोट्या वर्कशॉपात कामगाराला कोण असतं?"

"मालक असतो."

"आणि मालकाला कोण असतं?"

माझ्या अंगावर काटा आला. खरंच की! इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"साइट खुली करायच्या आधी ती खऱ्या माणसांनी वापरून बघायला हवी, यशो. नाहीतर आम्ही पुण्यात बसून एकमेकांना शाबासकी देत राहू. तुमच्या नगरातले चार-पाच छोटे धंदेवाले गोळा कर. मालक आणि त्याच्याकडचा एखादा कामगार. त्यांनी साइट वापरायची आणि काय चुकलंय ते तोंडावर सांगायचं. मी स्वतः येते."

तोंडावर चुका सांगणारी माणसं नगरात किती मिळतील असं कुणी विचारलं असतं, तर मी पुण्याला गाड्या भरून पाठवल्या असत्या. मला वाटलं, या कामात अवघड असं काय आहे?

जेवताना मी ही बातमी आमच्या ह्यांना सांगितली. हे म्हणजे भीमराज भिंगारदिवे. आम्ही राहतो त्या, नगरला लागूनच असलेल्या भिंगारच्या एका लष्करी कचेरीत मुलकी कारकून. त्यांच्याकडे पाण्याचा माठ बदलायचा तरी आधी 'विषय' आणि 'संदर्भ' लागतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, करपलेली भाजीही निमूट खाल्ली आणि विचारलं, "लेखी आहे का?"

"फोनवर सांगितलंय."

"मग आपण तरी लेखी बोलवू. माणूस तोंडी बोलावण्याला येत नाही."

आणि हात धुऊन ते लिहायला बसले. पत्र असं होतं : 'विषय : आपल्या आस्थापनेतील मनुष्यबळाच्या मानसिक स्वास्थ्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या आस्थापनेतील मालक व कामगार यांना मूल्यमापनासाठी पाचारण करण्याचे योजिले आहे. तरी आपण एका कामगारासह समक्ष उपस्थित राहावे. हयगय होऊ नये.'

"अहो, 'हयगय होऊ नये' कशाला?"

"त्याशिवाय पत्र संपल्यासारखं वाटत नाही."

मूल्यमापन साइटचं व्हायचं होतं, माणसांचं नव्हे. पण मी तेव्हा इतकी हवेत होते, की मला ते पत्र भारदस्त वाटलं. त्यावर ह्यांनी सवयीनं एक जावक क्रमांकही टाकला. आमच्या घरातून बाहेर पडलेलं ते पहिलंच पत्र, पण क्रमांक चांगला भरगच्च होता.

शेजारी सुभेदार गोरक्षनाथ दरंदले राहतात. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना मनासारखी मोहीम मिळाली नव्हती. आमच्या ओट्यावर त्यांनी खडूनं एमआयडीसीचा नकाशा काढला आणि म्हणाले, "वहिनी, पत्रं टपालानं पाठवायची नाहीत. टपालानं शत्रूला वेळ मिळतो."

"शत्रू नाहीत हो, पाहुणे आहेत ते."

"पाहुण्याला तर मुळीच वेळ देऊ नये."

तर दुसऱ्या दिवशी पुढे माझी लुना आणि मागे सुभेदारांची स्कूटर, अशी आमची फौज एमआयडीसीत शिरली. सुभेदारांनी खाकी जर्सी घातली होती आणि गळ्यात शिट्टी अडकवली होती. शिट्टी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "असू द्या."

पहिल्याच वर्कशॉपच्या मालकांनी पत्र वाचलं, ताडकन उठले आणि स्वतःच्या रुमालानं माझ्यासाठी खुर्ची पुसली. मला त्यांच्या अगत्याचं फार कौतुक वाटलं.

"म्याडम, आमच्याकडं सगळं नियमात हाय," ते म्हणाले. "तिघंच जण हायती, आन् तिघंबी घरचेच."

ते असं म्हणत असताना मागच्या दारानं घरच्यांपैकी सात-आठ जण कुंपणावरून उड्या टाकताना मला दिसले. मी म्हटलं, "नाही हो, आम्ही फक्त मन कसं आहे ते बघणार." त्यावर ते जास्तच घामाघूम झाले. आम्ही बाहेर येतो तो गल्लीतली शटरं एकामागून एक खाली येत होती, घडड् घडड् करत. कामगार खात्याच्या नव्या बाई आल्यात आणि त्यांच्याबरोबर मिलिटरीचा माणूस आहे, ही बातमी आमच्या लुनापेक्षा वेगानं पुढे गेली होती.

सुभेदार खूश होते. "बघा वहिनी! काय वचक आहे!"

मी मात्र तिथंच लुनेवर बसून राहिले. माणसांची मनं हलकी करायला निघालेली बाई मी, आणि माझ्या नुसत्या दर्शनानं अख्खी गल्ली बंद पडली होती! संध्याकाळी घरी पेढ्यांचा एक खोका आला, 'म्याडमना सप्रेम' म्हणून. मी तो रागारागानं परत पाठवायला निघाले, तर त्यातला एक पेढा कमी. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "आलेल्या मालाचा नमुना तपासावा लागतो."

मला वाट दाखवली ती मनकर्णाबाईंनी. या आमच्याच गल्लीत पापड-कुरडयांचा उद्योग चालवतात. हाताखाली आठ-दहा बायका आणि जिभेखाली सगळं भिंगार.

"बाई, तो 'मानसिक' शब्द काढून टाका आधी," त्या पापड लाटता लाटता म्हणाल्या. "मानसिक म्हटलं की लोकांना डोक्याचा दवाखानाच दिसतो. नुसतं 'आमची साइट बघायला या' म्हणा. कोण नाही म्हणतंय बघू!"

आणि काय सांगू! दुसऱ्या फेरीला मी एकटीच गेले, पत्र नाही की शिट्टी नाही, आणि ज्याला म्हणावं तो लगेच तयार! शटरं वर, चहा पुढे. मी हवेत तरंगत होते. सगळ्यात जास्त आस्था दाखवली ती मच्छिंद्रशेठनी. हे मूळचे श्रीगोंद्याचे गुळाचे व्यापारी. कुणाचं तरी लेथचं वर्कशॉप विकायला निघालं आणि शेठनी ते माणसांसकट घेतलं. लेथ म्हणजे लोखंडाला गरगर फिरवून कापणारं यंत्र, आणि त्यात धरलेलं लोखंड म्हणजे जॉब, एवढं मला त्यांनी समजावलं. त्यांनाही तेवढंच ठाऊक होतं.

"साइट कुठंशी आली म्याडम?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे! जगात कुठूनही दिसते."

"म्हंजी उंचावर हाय म्हना की. पर मंग रस्त्याचं काय?"

माहितीच्या महामार्गाबद्दल मी नुकतंच वर्तमानपत्रात वाचलं होतं. "रस्ता फार मोठा आहे," मी म्हटलं. "अजून रुंद होणार आहे."

"ब्येस. आन् एन.ए. हाय का?"

आरतीनं पाठवलेली प्रश्नावली मी पाहिली होती. काही प्रश्नांपुढे 'एन.ए.', म्हणजे 'लागू नाही', असं उत्तर द्यायची सोय होती. "काही ठिकाणी आहे, सगळीकडे नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

शेठनी आवाज खाली आणला. "ते करून घेता यील. वळख हाय आपली. कुटुंबाला आनलं तर चालंल न्हवं?"

"अवश्य आणा! आणि तुमच्याकडचा एक कामगारही आणा."

"आसारामला आनतो. टेप धरायला बी हुईल."

टेप धरायला? मला वाटलं, बोलणं टेप करून घ्यायची त्यांची इच्छा असेल. किती बारकाईनं विचार करतात ही माणसं, असं मी रात्री ह्यांना कौतुकानं सांगितलं. हे पेपर वाचत होते. एन.ए. म्हणजे बिगरशेती, हे ह्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पेपर वाचताना हे बायकोचं बोलणं फक्त आवक करून घेतात.

आता साइट दाखवायची कुठं? दिल्ली गेटाजवळ हनुमंतची व्हिडिओ लायब्ररी होती. तिचं त्यानं नुकतंच सायबर कॅफेत रूपांतर केलं होतं. भिंतीवर नट-नट्या तशाच होत्या, फक्त मध्ये तीन कॉम्प्युटर आले होते. त्यातला एक चालायचा. मी रविवार ठरवायला गेले, तर हनुमंत म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं आहे. फोन बंद आहे."

फोन नाही तर इंटरनेट नाही. त्या काळी कॉम्प्युटर फोनवरून पुण्याला हाक मारायचा आणि तिकडून ओ आली तरच पुढचं. मी टेलिफोनच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी सांगितलं की तक्रार त्याच भागातल्या फोनवरून नोंदवायची असते.

"पण फोनच बंद आहे."

"मग शेजाऱ्यांच्या फोनवरून नोंदवा."

"शेजाऱ्यांचाही बंद आहे."

"मग त्यांनी तक्रार करायला हवी."

"कशावरून?"

"फोनवरून," असं म्हणून ते गृहस्थ इतके निर्मळ हसले, की माझ्या रागाला बसायला जागाच उरली नाही.

त्या दिवशी मात्र मला भीमराज भिंगारदिवे या माणसाची थोरवी कळली. ह्यांनी एक अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, प्रत माहितीसाठी तीन ठिकाणी, आणि शेवटी 'हयगय होऊ नये'. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन खांबावर चढलेला होता. एका कारकुनाची भाषा दुसऱ्या कारकुनाच्या थेट काळजाला भिडते, हे मानसशास्त्राच्या पुस्तकात कुठंच दिलेलं नाही.

रविवार उजाडला. आरती पहिल्या एस.टी.नं आली. मी नवी साडी नेसले होते, मनकर्णाबाईंनी चिवडा केला होता, सुभेदारांनी कॅफेच्या दारात चुन्याची पट्टी मारली होती. ठरल्या वेळी एकही माणूस आला नाही, आणि मग एकदम सगळे आले. बेकरीवाले आले, फॅब्रिकेशनवाले आले, आणि मच्छिंद्रशेठचा टेम्पो आला. टेम्पोतून शेठ उतरले, त्यांच्या पत्नी उतरल्या, दोन मेहुण्या उतरल्या, नारळ, हळदीकुंकू, उदबत्त्या उतरल्या. शेवटी लांब मोजायची टेप घेऊन एक उंच, वाळका माणूस उतरला. हा आसाराम. वर्कशॉपातला सगळ्यात जुना टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर.

"चला म्याडम, किती लांब हाय?" शेठ म्हणाले. "उन्हाच्या आत नारळ फोडू."

मी अभिमानानं कॉम्प्युटरकडे हात केला. "ही काय! इथंच आहे."

सगळ्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कॉम्प्युटरकडे. बेकरीवाल्यांनी पडद्यामागे डोकावून पाहिलं, न जाणो तिथून रस्ता असेल.

"प्लॉट कुठंय?" कुणीतरी विचारलं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात रस्ता, एन.ए. आणि टेप या तिन्ही गोष्टींचा एकदम उजेड पडला. जमीन पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण आमच्याकडे नेमकी जमीनच नव्हती. एकच गलका उठला. "फसवनूक हाय ही!" "शिकल्यासवरल्या बाईनं असं करावं?" शेठच्या मेहुणीनं नारळ पिशवीत परत टाकला, आणि तो आवाज मला फार लागला. आरती माझ्याकडे बघत होती. तिची दोन वर्षांची मेहनत त्या पडद्यामागे होती. मला तोंड उघडून दोन वाक्यं बोलायची होती, पण वर्गात तासभर न थांबणारी मी, नव्या साडीचा पदर तेवढा सारखा करत राहिले.

तेवढ्यात मनकर्णाबाई चिवड्याचं पातेलं घेऊन मधे उभ्या राहिल्या. "ओरडताय काय? प्लॉटवर गेला असतात तर चहा-चिवडा मिळाला असता का? इथं सावलीत बसायला मिळतंय. बाईनं सुट्टी मोडून तुमच्यासाठी हे मांडलंय. बघा, नाही पटलं तर जा!"

भिंगारच्या चिवड्यापुढे नगरचा राग फार वेळ टिकत नाही. लोक बसले.

हनुमंतनं पुण्याला हाक मारली. कॉम्प्युटरमधून घशात काटा अडकलेल्या मांजरासारखा आवाज आला. शेठच्या पत्नी मागे सरकल्या. मग पडद्यावर वरून खाली, दोरीला एकेक कपडा घालावा तशी साइट उतरू लागली. मी टाळ्या वाजवल्या! आणि बघते तो सगळ्या पानभर इंग्रजी अक्षरांना शिंगं आणि शेपट्या फुटलेल्या.

"ही मराठी?" फॅब्रिकेशनवाल्यांनी विचारलं.

"फॉन्ट उतरवून घ्यावा लागेल," आरती कपाळाला हात लावून म्हणाली. मराठी अक्षरं या कॉम्प्युटरात नव्हतीच. ती पुण्याहून याच तारेतून यायची होती. अर्धी अक्षरं आली आणि तार तुटली. वरच्या मजल्यावर हनुमंतच्या आईनं, भीमाबाईंनी, त्याच लाइनीवरचा दुसरा फोन उचलला होता.

"हनम्या!" जिन्यातून हाक आली. "फोनात कोन किंचाळतंय रं?"

सुभेदारांना अखेर मोहीम मिळाली. ते वर गेले आणि फोनपाशी पहारा देऊ लागले. भीमाबाईंना दर रविवारी लेकीला फोन करायचा असे. "माज्या घरात मला फोन न्हाई? तू कोन सांगनारा?" असा वरून आवाज येत होता, आणि मग सुभेदारांची शिट्टी ऐकू आली. नंतर कळलं, की भीमाबाईंनी सुभेदारांना लसूण सोलायला बसवलं होतं.

आणि अक्षरं आली! 'श्रमसोबत : तुमच्या कामात तुमची सोबत.' स्वच्छ, सुंदर मराठी. मला रडू यायचं बाकी होतं.

पहिल्या मनकर्णाबाई. साइटनं त्यांना सल्ला दिला की कामाच्या मध्ये पाच मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसावं. "हे खोडा," त्या आरतीला म्हणाल्या. "उन्हात पापड पसरलेले असताना डोळे मिटून कोण बसेल? मी डोळे मिटले की कावळे उघडतात. त्यापेक्षा, बायकांना बसून लाटायला पाठीशी टेकू द्या, असं सांगा. माझ्याकडच्यांची पाठ धरली की डोकं आपोआप धरतं." बेकरीवाले म्हणाले, भट्टीपुढच्या माणसाला वाचायला वेळ नसतो, मोठ्या अक्षरात थोडक्यात लिहा. आरतीचे डोळे चमकायला लागले होते. ती मला हळूच म्हणाली, "यशो, हेच हवं होतं गं! पुण्यात आम्हाला कुणी 'खोडा' म्हणालंच नव्हतं."

मग मच्छिंद्रशेठ. साइटवर दोन दारं होती, एक मालकांसाठी आणि एक कामगारांसाठी. शेठनी चष्मा टेम्पोत ठेवला होता आणि उंदीर हाताळायची सवय नव्हती, मग तो कॉम्प्युटरचा का असेना. त्यांनी भलत्याच दारावर दाबलं आणि ते कामगारांच्या दारातून आत गेले. वाचून दाखवायला शेजारी आसाराम बसला.

"'तुमचे वरिष्ठ तुमचं म्हणणं ऐकून घेतात का?'" आसारामनं वाचलं.

शेठनी मागे पत्नीकडे पाहिलं. "न्हाई लिव्ह."

सगळे खो खो हसले. "'कामाच्या जागी मोकळेपणी बोलता येतं का?'" "न्हाई." "'रात्री झोप लागते का?'" शेठ हसायचे थांबले. "न्हाई," ते म्हणाले. "तेबी न्हाई लिव्ह."

मग पाळी आसारामची. हनुमंतनं उरलेलं दार उघडून दिलं, ते मालकांचं. दारं बदलली आहेत हे माझ्या ध्यानात आलं, मी सांगायला पुढे झाले, तेवढ्यात आरतीनं माझा हात दाबला.

आसाराम स्वतःच वाचत होता, एकेका शब्दावर बोट ठेवत. "'तुमच्या हाताखालचा एखादा माणूस गप्प गप्प राहू लागला, तर ते तुमच्या लक्षात येतं का?'"

तो थांबला. प्रश्न मालकांचा होता. त्यानं शेठकडे पाहिलं.

"यतं की," शेठच बोलून गेले. "न यायला काय झालं? तूच दिवाळीपासनं गप हायेस."

आसारामनं पुढचं वाचलं. "'आलं, तर तुम्ही त्याला विचारता का?'"

कॅफेत सगळे चिवडा खायचे थांबले.

"न्हाई इचारलं," शेठ म्हणाले. "मला वाटलं, तुला दुसऱ्या वर्कशॉपवाल्यानं फोडलंय. आज सांगशील, उद्या सांगशील. इचारलं आन् तू 'व्हय, चाललो' म्हनालास, तर? मला त्या मशीनीतलं घंटा कळत न्हाई. तू गेलास तर मी गुळाला परत."

"मला कुनी फोडलं न्हाई मालक," आसाराम पडद्याकडेच बघत म्हणाला. "दिवाळीच्या आधी मशीनीतला जॉब निसाटला हुता. लोखंडाचा तुकडा कानाजवळनं गेला. कुनाला लागलं न्हाई, म्हून कुनाला सांगितलं बी न्हाई. पर तवापास्नं मशीन चालू करताना हात थरथरतो. इतक्या वर्सांचा टर्नर मी, आन् मशीनीला भ्यालो म्हनून कसं सांगायचं? गावाकडं जाऊन ऊसतोडीला जावं असं चाललं हुतं डोक्यात."

शेठ उठले. मला वाटलं, आता हे रागानं निघून जाणार. ते आसारामच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मग आरतीकडे वळून, डोळे पुसायचे ते सोडून ते एकदम तिच्यावरच ओरडले, "ओ म्याडम, ही दोन दारं कशापायी ठिवली? दोघांना एका दारातनं आत घ्या की! येगळ्या येगळ्या खोल्यांत बसून मानूस काय बोलनार?"

"घेते," आरती म्हणाली. "नक्की घेते. एकच दार करते."

वरून सुभेदार आणि भीमाबाई खाली आले, सोललेला लसूण घेऊन. सगळं शांत का, हे त्यांना कळेना. सुभेदारांनी मला हळूच विचारलं, "मोहीम फसली का वहिनी?" मी 'नाही' म्हणून मान हलवली आणि त्यांच्या ताटलीतलाच लसूण डोळ्यांना लागल्यासारखं केलं.

पुढच्या आठवड्यात आरतीचा फोन आला, की संस्थेत सगळे नगरवर बेहद्द खूश आहेत आणि दोन दारं पाडायला काढली आहेत. ही बातमी शेठना ताबडतोब सांगायलाच हवी होती! कॉलेज सुटल्या सुटल्या मी लुना काढली आणि एमआयडीसी गाठली. एकही शटर खाली आलं नाही. उलट दोघातिघांनी हात केले.

मच्छिंद्रशेठच्या शेडमध्ये शेठ स्वतः लेथपुढे उभे होते, बाह्या सरसावून. आसारामचा हात सुधारेपर्यंत मशीन रोज आपणच चालू करून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ज्या माणसानं जन्मात गुळाच्या ढेपेपलीकडे काही फिरवलं नव्हतं, तो माणूस मोठ्या निर्धारानं बटणाकडे हात नेत होता. आसाराम शेजारी हाताची घडी घालून उभा होता, नेहमीसारखा गप्प.

आणि एकदम तो असा काही ओरडला की माझ्या हातातली पर्स पडली.

"चावी! आवं मालक, चावी काढा आधी! चावी तशीच ठिवून कुनी बटन दाबतं व्हय? ती गरगर फिरून सुटली तर टकुऱ्यात बसंल की तुमच्या! व्हा बाजूला!"

त्यानं शेठना कोपरानं बाजूला सारलं, यंत्राच्या तोंडात अडकवलेली लोखंडी चावी काढून ठेवली, जॉब हातानं फिरवून तपासला, आणि त्याच रागाच्या भरात स्वतः बटण दाबलं. मशीन सुरू झालं. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. हात थोडा थरथरत होता; पण मशीन चालू होतं.

सगळ्यांदेखत कामगार मालकावर खेकसला होता. शेठ माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू घरात लग्न ठरलंय.

"ऐकलंत का म्याडम?" ते मशीनच्या आवाजावर ओरडले. "बोलला! लई दिसांनी बोलला!"

तो बोलला तो बोललाच. चावी, बटण, शेठची उभं राहायची रीत, त्यांच्या मोकळ्या बाह्या, गुळवाल्यांची एकूण जात, कशालाच त्यानं सोडलं नाही. आणि मच्छिंद्रशेठ एखादं कीर्तन ऐकावं तसे मान डोलवत मध्ये मध्ये मला खुणावत होते, की थांबा, एवढ्यात जाऊ नका, अजून बोलतोय.